खालचं पातं

“या, इवाई, या! पाहा बरं, काम कसं झालं ते!”

मी दूध घेऊन फाटकातून आत आलो, तेव्हा गुलाबराव अंगणात निंबाखाली स्टुलावर बसले होते. पुढ्यात माझ्या बांबूच्या पट्ट्या ओळीनं मांडलेल्या. हातात जुन्या बनियनचं फडकं. साऱ्या अंगणात पेट्रोलचा वास.

“काय केलं?” मी विचारलं.

“पुसल्या साऱ्या. तुमी म्हनले नं काल, आज चिकटवाच्या हायेत म्हनून. आता मले सांगा, पंचर काढतांनी पह्यले काय करा लागते? कानस मारा लागते, पेट्रोलनं पुसा लागते. नाई तं सोल्यूशन धरते काय? टोकाले तेलाचे डाग होते, लाल लाल. घासूघासू काढले. आता पाहा, एक डाग दाखवा.”

मी एक पट्टी उचलली. दोन्ही टोकं पाहिली. दुसरी उचलली. सगळ्या तशाच. दोन्हीकडून गोऱ्यापान.

“कसं?” गुलाबराव म्हणाले.

“बरं केलं,” मी म्हणालो, आणि दूध घेऊन आत गेलो. पातेलं ओट्यावर ठेवलं ते जरा जोरात ठेवलं गेलं. थोडं दूध सांडलं. ते पुसलं आणि तिथंच उभा राहिलो, कारण बाहेर गेलो असतो तर बोललो असतो.

गुलाबराव शिरभाते माझे व्याही. आमच्या वऱ्हाडात इवाई म्हणतात. माझी एकुलती एक मुलगी संध्या अकोटला त्यांच्या घरात दिलेली. परतवाड्याच्या लाकूडबाजारात मी पुष्कळ लोक पाहिले, भांडणारे पाहिले, एकमेकांच्या अंगावर पटाशी घेऊन धावणारे पाहिले. पण मुलीच्या सासऱ्यावर आवाज चढवणारा बाप पाहिला नाही. आपली पोरगी ज्यांच्या घरी जेवते, त्यांना आपण ‘बरं केलं’च म्हणतो.

ते लाल डाग कुंकवाचे होते.

मी धंद्यानं सुतार. नोकरी आरागिरणीत झाली, पण गेली बरीच वर्षं मी बांबूचे कामठे करत होतो. कामठा म्हणजे धनुष्य. मेळघाटातल्या शाळांची मुलं नेम मारण्याच्या स्पर्धांना जातात, त्यांच्यासाठी. पूर्वी एका बांबूचा कामठा व्हायचा, तो वर्षात सैल पडायचा. मी तीन थरांचा करतो. प्रत्येक थरात दोन पट्ट्या. त्या मधे मुठीपाशी एकमेकींना भिडतात, बुडाला बूड लावून, आणि शेंडे दोन टोकांना जातात. बांबू बुडाला भारी आणि शेंड्याला हलका असतो. एक पट्टी जरी उलटी गेली तरी एक पातं कडक आणि दुसरं मऊ होतं, आणि बाण वाट्टेल तिकडे जातो.

पण एकदा रंधा मारून पट्टी सारखी केली की बूड कोणतं आणि शेंडा कोणता, हे डोळ्यांना कळत नाही. म्हणून रंध्यावरून पट्टी उतरली की माझी बायको द्वारका तिच्या बुडाला तेलातल्या कुंकवाचं बोट लावायची. मी तिला म्हणायचो, पेन्सिल घे. ती म्हणायची, “तुमची पेन्सिल सापडते काय कधी? माहा करंडा जागेवर असते.” आणि ते खरं होतं.

या पट्ट्या द्वारकानं खूण केलेल्या शेवटच्या. बांबू आम्ही दोघांनी अवसेच्या सुमारास तोडला होता, म्हणजे कीड लागत नाही. चुलीवरच्या माळ्यावर वाळवला. आषाढात मी रंधा मारला, तिनं बोटं लावली. त्याच आठवड्यात धारणीकडची एक कोरकू मुलगी आली होती, फुलवंती बेठेकर. उंच, हाताची लांब. तिच्या मापाचा कामठा कुठं मिळेना. द्वारकानं तिला अंगणात उभं केलं, हात ताणायला लावला, दोऱ्यानं माप घेतलं, दोऱ्याला गाठ मारली आणि दोरा खिळ्याला टांगला. म्हणाली, “पुढच्या उन्हाळ्यात ये. तुहा कामठा तयार राहीन.”

पोळ्याच्या आदल्या आठवड्यात द्वारका गेली. दोन दिवसांचा ताप, बस.

मी त्या पट्ट्यांना हात लावला नाही. चैत्रात फुलवंतीचा फोन आला. शनिवारी अमरावतीला निवड आहे. दुसऱ्याचा कामठा घेऊन उभी राहू काय, असं विचारत होती. मी म्हणालो, नको. तुझा होईल.

आणि नेमके त्याच आठवड्यात गुलाबराव आले.

संध्यानंच पाठवलं होतं. बाबा एकटे आहेत, जेवत नाहीत, चार दिवस राहून या. ते एस.टी.च्या वर्कशॉपमधून हेडमेकॅनिक होऊन निवृत्त झालेले. कपड्यांची एक पिशवी आणि अवजारांची पेटी घेऊन आले. पेटी पिशवीपेक्षा मोठी. पहिल्याच दिवशी त्यांनी फाटकाला तेल दिलं. आता फाटक वाजत नव्हतं, त्यामुळे कोण आलं ते आत कळत नव्हतं. मग कूलरची मोटर उघडली. कूलर ठीक चालत होता. आता विमानासारखा चालू लागला आणि वाळ्याच्या ताटीतून पाणी उडून थेट माझ्या खाटेवर येऊ लागलं.

“कशी हवा फेकते!” ते म्हणाले.

“मस्त,” मी म्हणालो, आणि खाट सरकवली.

पण खरा वैताग होता त्यांच्या फोनचा. त्यांची बायको, कौसल्याबाई, दिवसातून किती वेळा फोन करायच्या ते मोजणं मी सोडून दिलं होतं. गुलाबरावांना ऐकायला कमी येई, म्हणून ते फोन मोठ्या आवाजावर लावत. त्यांचा संसार मग माझ्या घरभर ऐकू येई.

“बीपीची गोळी घेतली काय?”

“घेतली.”

“खोटं! डबी इथं फ्रिजवर हाय.”

“मंग मेडिकलातून आनली.”

“कोन्त्या मेडिकलातून? नाव सांगा.”

फोन ठेवला की ते माझ्याकडे पाहून मान हलवत. “चेकर हाय चेकर, इवाई. तीस वर्सं एस.टी.त काढले, असा चेकर नाई पाह्यला. गाडी स्टँडावर उभी असली तरी तिकीट मांगते.”

मी हसत असे. हसलं पाहिजे ना.

तर त्या सकाळी, ओट्यावरचं दूध पुसून मी बाहेर आलो. वरच्या थराच्या पट्ट्यांना साल असते, सालीवरच्या अंकुराच्या डोळ्यावरून त्यांचं बूड-शेंडा कळतं. त्या मी लावून घेतल्या. आतल्या पट्ट्यांना काहीच नाही. त्या एकेक करून सुरीच्या पाठीवर तोलल्या. जिकडे झुकेल ते बूड. दोन नीट झुकल्या. एक उशिरा झुकली. एक झुकलीच नाही, नुसती डुलत राहिली.

“काय पाहून रायले?” गुलाबरावांनी विचारलं.

“काई नाई. बूड पाहून रायलो.”

“आता बूड कोनाले दिसते, आत जाईन ते!” आणि स्वतःच हसले.

मी ती पट्टी अंदाजानं लावली. दुसरा उपाय नव्हता. नवा बांबू वाळवायचा तर दीड वर्ष.

दुपारी चिकटवायला घेतलं. सकाळी घेणार होतो, पण गुलाबरावांना आधी चहा, मग नाश्ता, मग फोन. वऱ्हाडातल्या चैत्रातली दुपार, आणि दोन डब्यांतलं मिसळून करायचा गम कालवला की भराभर घट्ट व्हायला लागतो. पट्ट्यांना गम लावायचा, थर लाकडी फर्म्यावर दाबायचे, आणि सायकलच्या ट्यूबच्या फाडलेल्या पट्ट्यांनी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत करकचून गुंडाळायचं. एकानं ट्यूब ताणून धरायची, दुसऱ्यानं फर्मा फिरवायचा. एकट्याचं काम नाही. म्हणूनच गुलाबरावांना घ्यावं लागलं.

खरं सांगायचं तर ट्यूब त्यांनी उत्तम ताणली. हात मेकॅनिकचा. मुठीपर्यंत पोचलो आणि त्यांच्या खिशातला फोन वाजला.

“वाजू द्या,” मी म्हणालो.

“वाजू देलं तं ती समजते, मी मेलो.” त्यांनी दोन्ही गमानं भरलेले हात वर केले. ट्यूब सुटली. फर्मा माझ्या मांडीवर आपटला.

“ट्यूब!” मी म्हणालो. पुढचं गिळलं.

“हाव हाव. धरली.” फोन वाजत राहिला, बंद झाला, पुन्हा वाजायला लागला. “तुमी काढता काय इवाई खिशातून? डाव्या.”

“माहेही हात भरले हायेत.”

“मंग राहू द्या. पन ती आता संध्याले लावते. संध्या तुमाले लावते. तुमचा फोन कुठं हाय?”

माझा फोन आत वाजायला लागला. आम्ही दोघं ट्यूब गुंडाळत बसलो आणि आत-बाहेर दोन फोन वाजत राहिले. माझ्या बनियनमधून घामाच्या धारा वाहत होत्या. द्वारकाबरोबर हे काम करताना आम्ही इतकं भांडायचो की शेजारचे फाटकाशी येऊन पाहायचे. आज मी दात इतके आवळून धरले होते की रात्री भाकर चावताना जबडा दुखला.

दुसऱ्या दिवशी ट्यूब सोडल्या. कामठा निघाला. थर नीट बसले होते, कुठं फट नव्हती. कडा तासल्या, टोकं निमुळती केली, खाचा पाडल्या, दोर चढवला. आता राहिलं होतं ते सगळ्यात नाजूक काम.

अंगणातल्या चुना दिलेल्या भिंतीला मी एक फळी ठोकलेली आहे. तिच्यावर कामठा आडवा बसवायचा. वरचं पातं डावीकडे, खालचं उजवीकडे. मग दोर हळूहळू खाली ओढायचा आणि पाहायचं की दोन्ही पाती सारखी वाकतात की नाही. जिथं कमी वाकतं तिथं काचेच्या तुकड्यानं खरवडायचं. पुन्हा ओढायचं, पुन्हा पाहायचं. फुलवंतीच्या मापाच्या दोऱ्याची गाठ येईपर्यंत. जास्त खरवडलं की संपलं. काढलेला बांबू परत लावता येत नाही.

ओढायचो मी. पातं कुठं अडतंय ते हाताला कळतं. पाहायची द्वारका, निंबाखालून. दोर ओढणारा भिंतीला चिकटून असतो, त्याला सारखं दिसत नाही. आणि दिसलं तरी आपल्या हातचं आपल्याला सरळच दिसतं.

गुलाबराव म्हणाले, “कप्पी लावून देऊ काय? लांबून ओढा, लांबून पाहा.”

“कप्पीतून हाताले काई समजत नाई,” मी म्हणालो. “तुमी फक्त पाहा. कोनतं पातं कमी वाकते, तेवढं सांगा.”

ते निंबाखाली जाऊन उभे राहिले. मी दोर ओढला.

“कसं हाय?”

“ए वन!”

“तसं नाई. डावीकडलं आनि उजवीकडलं सारखं हाय काय?”

“एकदम फस्क्लास! काय काम केलं इवाई!”

मी दोर सोडला. थोडं वरच्या पात्याला खरवडलं, अंदाजानं. पुन्हा ओढला.

“आता?”

“आता तं आनखीच मस्त.”

“पह्यलेपेक्षा काय बदललं?”

ते विचारात पडले. “शायनिंग आली.”

मी घाम पुसला. “फोटो काढा. मी पाहीन.”

त्यांनी फोटो काढला. मी येऊन पाहिला. भिंत तिरपी, मी तिरपा, आणि अर्ध्या कामठ्यावर त्यांचा चिंधी बांधलेला अंगठा. दुसरा काढा म्हणालो. ते म्हणाले, “पह्यला तं घरच्या ग्रुपवर टाकला.” आणि लगेच त्यांचा फोन टुणटुण करायला लागला. संध्याच्या नणंदेनं हात जोडले. जावयानं अंगठा दाखवला. कोणी तरी लिहिलं, ‘काका, खूपच छान.’ गुलाबराव मला एकेक वाचून दाखवत होते.

द्वारका गेल्यापासून आठ महिने हेच चाललं होतं. भाजी करपली तरी छान. दाढी वाढली तरी छान. आरागिरणीतला एक जुना मित्र आला, त्याला मी चुकून मीठ घातलेला चहा दिला, तर तो सगळा प्यायला आणि म्हणाला, छान झाला.

मी पुन्हा दोर ओढला. हाताला वाटत होतं, काही तरी अडतंय. पण कुठं?

फोन वाजला. या वेळी कौसल्याबाई. फोटोतला अंगठा त्यांनी पाहिला होता. अंगठ्याला चिंधी का बांधली आहे? कापलं काय? धनुर्वाताचं इंजेक्शन घेतलं काय? दवाखान्याचं नाव सांगा. गुलाबराव हो-नाही करत राहिले आणि मी दोर धरून उभा. मग सोडला.

फोन ठेवून ते माझ्याजवळ आले. कपाळावरचा घाम पुसत म्हणाले, “जीव खाते, इवाई. श्वास घेऊ देत नाई मानसाले. तुमचं बरं हाय. ना कोनी विचारनारं, ना—”

आणि थांबले.

मी कामठा फळीवरून उतरवला. भिंतीला टेकवून ठेवला. बादली घेतली आणि कूलरमधे पाणी टाकायला गेलो. कूलर भरलेलाच होता. मी बादली ओतली तशी पाणी खालून वाहून अंगणात आलं, गुलाबरावांच्या चपलांपर्यंत. ते तिथंच उभे होते. चपला ओल्या होत होत्या तरी हलले नाहीत.

“इवाई,” ते म्हणाले, “मले तसं नव्हतं म्हनाचं.”

“असू द्या,” मी म्हणालो.

 संध्याकाळी ते फाटकाबाहेर जाऊन फोनवर कोणाशी तरी बराच वेळ बोलले. मोठ्या आवाजावर न लावता. एवढंच कानावर आलं, “नाई, माह्यानं नाई होत. तूच ये.”

दुसरा दिवस शुक्रवार. कौसल्याबाई सकाळच्या पहिल्या एस.टी.नं आल्या. तेल दिलेलं फाटक वाजलंच नाही. मी काच घेऊन कामठ्याशी बसलो होतो, मान वर केली तर समोर उभ्या. एका हातात पिशवी, दुसऱ्या हातात लोणच्याची बरणी.

“या, इहीनबाई,” मी उठलो. “पानी आनतो.”

“बसा तुमी. मले घर माहीत हाय.” त्यांनी नवऱ्याच्या अंगठ्याची चिंधी सोडवून पाहिली, नाक मुरडलं, पुन्हा बांधली. गोळ्यांची डबी त्यांच्या खिशात कोंबली. आत जाऊन पाणी प्यायल्या. मग बाहेर येऊन पदरानं वारा घेत निंबाखालच्या दगडावर बसल्या.

तो दगड द्वारकाचा. कोणी तसं सांगितलेलं नव्हतं. सावली तिथंच असते, बसणारा तिथंच बसतो.

मी कामठा फळीवर बसवला आणि दोर ओढला. गुलाबराव बाजूला उभे राहिले.

“कसं हाय?” मी सवयीनं विचारलं.

“ए—” गुलाबरावांनी सुरुवात केली.

“वाकडं हाय,” कौसल्याबाई म्हणाल्या.

मी दोर हळू सोडला. “काय म्हनले?”

“वाकडं हाय म्हनलं. दिसत नाई काय?”

“अवो, तुले काय समजते त्याच्यातलं?” गुलाबराव म्हणाले. “कारागीर मानूस हायेत ते.”

“कारागिरानं केलं तरी वाकडं ते वाकडंच. तुमी उगे राहा.”

मी म्हणालो, “वरचं पातं थोडं कडक हाय, इहीनबाई. काल काढलं थोडं. आजही थोडं काढतो.” आणि डावीकडे काच लावली.

“वरचं म्हंजे कोनतं?”

“डावीकडलं.”

“डावीकडलं तं छान वाकून रायलं. उजवीकडलं फळीवानी सरळ हाय.”

“तसं दिसते तिथून.”

“मंग मी तिथून नाई तं कुठून पाहू?”

मी पुन्हा ओढला. आणखी खाली. हाताला तेच, काही तरी अडतंय. उद्या सकाळी फुलवंती गाडीत बसणार होती. मी डाव्या पात्याकडे पाहत होतो, तिथंच चूक असणार अशी माझी खात्री होती. अंदाजानं लावलेली ती पट्टी डावीकडे होती, असंच माझ्या डोक्यात बसलं होतं.

“आता पाहा,” मी म्हणालो. “डावं कडक हाय नं?”

“उजवं.”

“नीट पाहा.”

“नीटच पाहून रायली. उजवं. मधात, बांबूच्या त्या गाठीच्या पुढं. तिथं वाकतच नाई ते.”

“उजवं नाई.”

“उजवंच.”

“अवं, डोये फुटले काय तुहे?” मी ओरडलो. “उजवं कुठं कडक हाय!”



शेजारच्या घरातली मिक्सरची घरघर थांबली. गुलाबरावांचं तोंड उघडं राहिलं. मी दोर छातीपर्यंत ओढून धरलेला. नवा कामठा ताणातून एकदम सोडता येत नाही, तडकतो. म्हणून मला तो हळूहळू, बोटाबोटानं वर न्यावा लागला, आणि तेवढा सगळा वेळ मी त्या दोघांच्या समोर तसाच उभा होतो, मुलीच्या सासूला ‘तुहे डोये’ म्हणून. दोर वर गेला. मी हात काढला.  संध्याचं तोंड डोळ्यांसमोर आलं.

कौसल्याबाई दगडावरून उठल्या नाहीत.

“माहे डोये जागेवर हायेत,” त्या म्हणाल्या. “तुमी या इथं, अन् तुमच्या डोयानं पाहा.” मग नवऱ्याकडे वळल्या. “धरा हो तो दोर! उभे काय राह्यले चेकर आल्यावानी?”

गुलाबरावांनी झटकन दोर धरला. मी निंबाकडे गेलो. कौसल्याबाई दगडावर थोड्या सरकल्या, पण मी बसलो नाही, शेजारी उभा राहिलो.

“ओढा,” मी म्हणालो. “हळू. आनखी. थांबा.”

पांढऱ्या भिंतीवर कामठा दिसला. डावीकडचं पातं चंद्रकोरीसारखं वळलेलं. उजवीकडचं मुठीपासून गाठीपर्यंत वळलेलं, आणि गाठीपुढं सरळ. अगदी फळीसारखं. लहान पोरालाही दिसलं असतं. काल मी अंदाजानं डावीकडून जेवढं काढलं, तेवढं ते जास्तच उघडं पडलं होतं. उलटी पट्टी उजवीकडे होती. खालच्या पात्यात.

“सोडा. हळू,” मी म्हणालो.

“काय?” कौसल्याबाई म्हणाल्या.

“हाव. खालचंच हाय.”

“मंग? डोये कोनाचे फुटले?”

मी काच घेतली आणि खालच्या पात्याशी बसलो. खरवडलं, उठलो, ओढलं.

“आनखी,” निंबाखालून आवाज आला.

“थांबा जरा.”

“आनखी म्हनलं नं.”

“जास्त गेलं तं परत लावता येत नाई. तुमाले समजते काय बांबूतलं?”

“नाई समजत. दिसते.”

“दिसते म्हनून कापून टाकू काय?”

“नका कापू. राहू द्या वाकडं. त्या पोरीले म्हना, वाकड्यानंच मार.”

“बाप्पा रे!” मी म्हणालो. गुलाबराव एकदा बायकोकडे, एकदा माझ्याकडे पाहत होते. त्यांच्या खिशात फोन वाजला, कोणाचा तरी. त्यांनी तो काढून बंद केला.

असं दुपारपर्यंत चाललं. मधे कौसल्याबाईंनी स्वयंपाकघरात जाऊन भाकरी टाकल्या आणि तव्यावरून ओरडून विचारलं की झालं काय. मी ओरडून सांगितलं, नाही झालं. त्या पिठाच्या हातानं पुन्हा येऊन दगडावर बसल्या. शेजारीण फाटकाशी येऊन उभी राहिली. मी तिच्याकडे पाहिलं तर म्हणाली, “काई नाई, काका. आवाज आला म्हनून आली.” आणि उभीच राहिली.

ऊन भिंतीवरून उतरलं तेव्हा दोर गाठीच्या मापापर्यंत आला आणि दोन्ही पाती वाकली. मी खिळ्यावरचा तो दोरा काढून लावून पाहिला. बरोबर होता.

“आता?” मी विचारलं.

कौसल्याबाईंनी डोळे बारीक करून बराच वेळ पाहिलं. “आता चालते. पन खालचं अजून कडक हाय.”

“खालचं जरासं कडकच राहू द्या लागते.”

“हे आता सांगता?”

रात्रीच्या एस.टी.नं दोघं अकोटला गेली. जाताना गुलाबराव अवजारांची पेटी उचलून फाटकाशी थांबले. “इवाई,” ते म्हणाले, “चूकभूल माफ.” मी म्हणालो, “माहीही.” ते म्हणाले, “तुमची कसली? घरी हे रोजचंच हाय. आज तुमच्यावर होतं, माहा एक दिवस वाचला.” कौसल्याबाई रस्त्यावरून ओरडल्या, गाडी सुटेल म्हणून.

शनिवारी पहाटे फुलवंती आली. तिनं कामठा हातात घेतला, एकदा ओढला, अंगणाच्या टोकाला टाकलेल्या गवताच्या पेंढीत एक बाण मारला. बाण पेंढीत गेला.  कामठा पाठीला लावला, वाकून पाया पडली आणि बसस्टँडकडे धावत निघाली. ती त्या वर्षी निवडून आली. पुढं बऱ्याच ठिकाणी गेली, तिला आता वनखात्यात नोकरी आहे.

पण ते नंतर. त्या शनिवारी, ती गेल्यावर मी चहा ठेवला आणि फोन वाजला. संध्या. मी गॅस बंद केला आणि मगच फोन उचलला. रात्रभर मी याच फोनची वाट पाहत होतो.

“बाबा,” ती म्हणाली, “तुमी सासूबाईवर ओरडले म्हने?”

“हाव.”

“घरात सगळ्याईले सांगून रायल्या. शेजारी जाऊनसुद्धा सांगून आल्या.”

“मी फोन करतो त्याईले. माफी मांगतो. तुले काई बोलल्या काय?”

“मले कायले बोलतीन? तुमी काय म्हनले नेमकं?”

“जाऊ दे नं.”

“सांगा, बाबा.”

“डोये फुटले काय तुहे, म्हनलं.”

 मला वाटलं लाइन गेली. मग तिचा आवाज आला, बारीक.

“आईले म्हनत होते तसं?”

“तसंच.”

ती रडत होती की हसत होती, मला कळेना. मागून कौसल्याबाईंचा आवाज आला, “रडतं कायले वं? मले बोलले ते, तुले नाई.” संध्यानं नाक ओढलेलं ऐकू आलं. आठ महिन्यांत ती माझ्याशी फोनवर रडली नव्हती. नेहमी विचारायची, जेवले काय, औषध घेतलं काय, आणि मी म्हणायचो, हो, छान.

“कामठा झाला काय?” तिनं विचारलं.

“झाला. आताच घेऊन गेली ती पोरगी. पन तुही सासू म्हनते, खालचं पातं अजून कडक हाय.”

“अन् तुमी?”

“मी म्हनतो, तिले काय समजते!”

तिथंही फोन मोठ्या आवाजावर असणार, कारण लगेच उत्तर आलं.

“दिसते मले!”